नहरवाल्या साहेबांचं इंटरनेट

आमच्या साहेबांच्या लेखी इंटरनेट ही ओली वस्तू होती. खांबावर वायर तुटलेली दिसली की वर बघायच्या आधी ते खाली जमीन बघायचे. आमचा इंजिनियर नीलेश त्यांना एकदा म्हणाला, "साहेब, यातून काही सांडत नाही." साहेब म्हणाले, "सांडत नाही तं जाते कोठी? सकाळी पुरते, संध्याकाळी पुरत नाही. म्हंजे मधात कोनीतरी फोडलं हाय." नीलेशने हात जोडले आणि शिडी उचलून तो निघून गेला.

साहेब नहर खात्यातून निवृत्त झाले होते. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात, आणि भातकुलीकडच्या एका लहानशा नहरीवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. गेट उघडायचं, गेट लावायचं, कोणाच्या वावराला कधी पाणी याच्या पाळ्या ठरवायच्या आणि नहर फोडणाऱ्यांच्या मागे फटफटी घालायची. निवृत्त होऊन अमरावतीत घरी बसतात न बसतात तोच धाकट्या भावाचा केबलचा धंदा त्यांच्या गळ्यात पडला. भाऊ मुलीकडे नागपूरला गेला तो गेलाच. टीव्हीची केबल घेणारे आटले होते म्हणून त्याच खांबांवरून इंटरनेट सुरू झालं होतं. कठोरा रस्त्याला लागून असलेली एक मोठी कॉलनी आणि तिच्या आजूबाजूचं थोडंफार, एवढाच पसारा. या नव्या धंद्यात नवं काही शिकायचं असतं हे साहेबांना पटलंच नाही. एका टोकाने येतं, दुसऱ्या टोकाला पोचवायचं, आणि मधले सगळे चोर. एवढ्या ज्ञानावर ते धंदा चालवत होते आणि खोटं कशाला बोलू, बरा चालवत होते.

मी अकोल्याहून बीकॉम करून आले होते. त्यांच्याकडे तक्रारींचा फोन उचलायला एक मुलगी हवी होती. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "शिव्या आयकता येतात का?" मी म्हटलं, ऐकता येतात आणि देताही येतात. "अकोल्याची हायेस, गरम असशीनच," असं म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला, आणि त्या दिवसापासून माझं नाव अकोला पडलं. "ए अकोला, फोन वाजून राहिला." "अकोला, चहा सांग." माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, मला आजही शंका आहे. उन्हाळ्यात पंखा बंद पडला की "तुह्यासारख्या अकोल्यावालीले काय फरक पडते" म्हणून तो महिनोन्महिने दुरुस्त करायचे नाहीत.

त्यांची भाषा समजून घेण्यात माझा पहिला महिना गेला. स्पीडला ते धार म्हणत. राऊटर म्हणजे गेट. घराघरात जाणारी वायर म्हणजे चारी, वावरात पाणी नेणारा पाट. दिवाळीआधी एक दिवस नेट बंद ठेवून ते गाळ काढत. म्हणजे नीलेशला आणि त्याच्या दोन लाइनमनना खांबाखांबावर चढवून डबे फडक्याने पुसायला लावत. नीलेश म्हणायचा, यात गाळ नसतो, धूळ असते आणि तिचा काही संबंध नसतो. साहेब खालून ओरडायचे, "पुसलं तं काही बिघडते का?" बिघडायचं. दरवर्षी काही ना काही निसटायचं आणि मग दोन दिवस माझ्या कानाला फोन चिकटलेला असायचा.

आता टेलची भानगड सांगायला हवी, कारण साहेब म्हणजे टेल आणि टेल म्हणजे साहेब. नहरीच्या तोंडाशी ज्यांची वावरं असतात ते हेडवाले, आणि नहर जिथे संपते तिथले टेलवाले. पाणी सुटलं की हेडवाले आधी गरजेपुरतं घेतात, मग सवयीने घेतात, मग शेजाऱ्याला मिळू नये म्हणून घेतात. टेलवाल्याच्या चारीत चिखलसुद्धा होत नाही. साहेबांच्या अख्ख्या नोकरीत त्यांच्या नहरीचं पाणी टेलला एकदाही पोचलं नव्हतं. आपल्याला मूलबाळ नाही हे एखादा माणूस जसं सांगतो तसं ते हे सांगायचे, सरळ आवाजात आणि दुसरीकडे बघत.

तेव्हा इंटरनेट हातात आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर टेल शोधला. आमची वायर जिथे संपत होती तिथे, कॉलनीच्या नाल्याच्या पलीकडे, एकटं घर होतं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या तायडे सिस्टरचं. भोवती रिकामे प्लॉट, मागे तुरीचं वावर. तिकडचा भाग असा खोलगट की मोबाईलवरून घरात जेमतेम फोन लागायचा, नेटची रेंज फक्त गच्चीवर मिळायची, आणि सिस्टरचे गुडघे त्यांना गच्चीवर जाऊ देत नव्हते. त्यामुळे आमची वायर हाच त्यांचा जगाशी संबंध. त्या संबंधातून त्या रोज संध्याकाळी फोनवर खुनाच्या खऱ्या गोष्टी बघायच्या. कोणी कोणाला कसं मारलं आणि पोलिसांनी कसं पकडलं. जन्मभर माणसं वाचवण्याचं काम केल्यावर हा छंद लागला असावा.

खुनी सापडायच्या वेळेला नेट अडकलं की माझा फोन वाजायचा. "तायडे सिस्टर बोलून राहिली. गोल फिरून राहिलं." बस, एवढंच. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला त्यांचा भारी राग यायचा. साहेबांना मात्र हा फोन म्हणजे नहरीवरची मोजपट्टी वाटायची. बाकी कॉलनी गेली खड्ड्यात, सिस्टरचं नेट चालू म्हणजे धंदा चालू. एखाद्या दिवशी सिस्टरची तक्रार आलीच नाही तर ते अस्वस्थ होऊन स्कूटर काढायचे आणि नाला ओलांडून बघून यायचे.

नीलेश बिचारा त्यांना कागदावर आकृती काढून समजवायचा. "साहेब, वायरीत टेल-हेड असं काही नसते. बाहेरून आपल्या ऑफिसात जी मोठी लाइन येते, ती सगळ्याईत वाटली जाते. ऑफिसच्या बाजूचं घर अन् सिस्टरचं घर सारखंच. भरलं तं सगळ्याईचंच भरते." नीलेशचं बरोबर होतं, अगदी शंभर टक्के. साहेबांनी आकृती नीट पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आमचं खातंबी हेच सांगे. कागदावर सगळे सारखेच असत."

आणि स्वतःच्या चुकीच्या सिद्धांतावर त्यांची एवढी श्रद्धा की ऑफिसला लागून असलेलं स्वतःचं घर हे हेड ठरवून त्यांनी तिथलं नेट सगळ्यांत कमी धारेचं करून टाकलं. हेडवाल्याने कमी घ्यायचं, हा नियम. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, भिंतीपलीकडून मला फोन करायच्या. "अकोला, माह्याकडे भजनबी अडकून राहिलं. बुढ्याले सांगू नको, पन त्या नीलेशले जरा भिंतीतून ढील द्याले सांग." नीलेश ढील द्यायचा. साहेब दुसऱ्या दिवशी परत आवळायचे. शेवटी काकूंनी नाद सोडला आणि भजनं ऐकायला संध्याकाळी सिस्टरकडे जाऊन बसू लागल्या.

एकदा नीलेश वैतागून म्हणाला, "साहेब, ज्या सिस्टरसाठी तुमी एवढं करून राहिले, त्या काय पायतात ते तं पाहा. खुनाचे व्हिडिओ." साहेबांचा आवाज एकदम चढला. "टेलवाला वावरात कापूस पेरते का गुलाब लावते, हे नहरवाल्यानं इचारू नाही. त्याच्या वाट्याचं हाय, त्याले पोचवाचं."

आमची खरी लढाई होती ती गेमवाल्या पोरांशी. कॉलनीत इंजिनियरिंगची, बारावीची, बारावी सुटलेली आणि बारावी न सुटलेली अशी पोरांची फौज होती आणि प्रत्येकाच्या खोलीत एक कॉम्प्युटर घोरत होता. लोकांना वाटतं गेम खेळल्याने नेट संपतं. तसं नाही. खेळायला चिमूटभर नेट लागतं. लागतं ते गेम उतरवून घ्यायला. एकेक गेम शंभर जीबीच्या वर, आणि तो घेऊन झाला की कंपनी त्यात सुधारणा म्हणून परत तेवढंच पाठवते. आणि हे सगळं सगळ्या पोरांना एकाच संध्याकाळी हवं असतं, कारण ज्याचा गेम उशिरा उतरला त्याला बाकीचे आठवडाभर चिडवतात.

यावर साहेबांनी स्वतःची एक तपासणी शोधून काढली होती. संध्याकाळी ते स्कूटरवरून कॉलनीत गस्त घालायचे आणि खिडक्यांखाली थांबून कान लावायचे. आतून बंदुकीचे आवाज येत असले की समाधानाने पुढे जायचे. "बंदुका वाजून राहिल्या, काही भेव नाही." शांतता असली की त्यांचा चेहरा पडायचा. पोरं खोलीबाहेर येऊन ओपन स्पेसच्या कट्ट्यावर रिकामी बसलेली दिसली तर संपलंच. कट्ट्यावर जेवढी गर्दी तेवढं मोठं डाउनलोड चालू. मला फोन यायचा, "अकोला, कट्टा भरला. नहर फुटली समज." आणि तो ठेवते तोच दुसरा वाजायचा. गोल फिरून राहिलं.

एका शुक्रवारी अशीच एक सुधारणा आली आणि सगळं नेट सपशेल आडवं झालं. पोरांचंही चालेना, बापांचंही चालेना. मी त्या संध्याकाळी एवढ्या शिव्या खाल्ल्या की मुलाखतीतला प्रश्न मला नव्याने कळला. सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं, आता पाळी. मोठं डाउनलोड करायचं असेल तर गल्लीप्रमाणे वार ठरलेला. आपला वार नसताना कोणी गेट उघडलं तर नीलेश त्याची धार एवढी बारीक करेल की साधा फोटो उघडेपर्यंत त्याने आंघोळ करून यावं. पोरं चिडून ऑफिसवर आली. त्यांचा पुढारी यश नावाचा, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला बरेच दिवस असलेला, बोलायला चटपटीत. "काका, हे काय तुमच्या नहरीचं पानी हाय का?"

"मंग काय हाय?" साहेबांनी विचारलं.

मग साहेबांनी आणखी एक गोष्ट केली, जी पृथ्वीवरच्या कुठल्याही इंटरनेटवाल्याला सुचली नसती. नहरीवर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था असतात, पाळ्या त्यांनीच ठरवायच्या. तशी त्यांनी पोरांची डाउनलोड वापर संस्था काढली. सतरंज्या टाकून सभा घेतली, गिला वडा वाटला. अध्यक्ष कोण, तर यशने आधीच कॉलर नीट केली होती. साहेब म्हणाले, "अध्यक्ष टेलचाच पाह्यजे." टेलला घर एकच. तेव्हा तायडे सिस्टर डाउनलोड वापर संस्थेच्या बिनविरोध अध्यक्ष झाल्या.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, मले डाउनलोड म्हंजे काय तेच माहीत नाही."

"अध्यक्षाले माहीत लागत नाही," साहेब म्हणाले, आणि सभा संपली.

पोरांनी पाळ्या मोडल्या, परत जोडल्या, आपसात वार बदलून घेतले. एक जण तर आपला मंगळवार देऊन दुसऱ्याकडून असाइनमेंट लिहून घेत होता. साहेबांना याचं कौतुकच वाटलं, नहरीवरही पाळ्यांची अशीच देवघेव चालायची म्हणे. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना इंटरनेटची एक मोठी कंपनी आली.

टायवाला एक अधिकारी कॉलनीच्या अध्यक्षांना भेटला, तेव्हा अध्यक्षांनी साहेबांनाही बोलावून घेतलं. कॉलनीने परवानगी दिली तर नवे पोल टाकून घरोघर अशी लाइन देतो की सगळी पोरं एकदम डाउनलोड करोत, फरक पडणार नाही. त्याने नकाशा दाखवला. सगळ्या गल्ल्यांतून निळी रेघ जात होती आणि नाल्यापाशी येऊन थांबत होती. साहेबांनी नाल्याच्या पलीकडे बोट ठेवलं. "इकडं?" अधिकारी म्हणाला, "तिकडे एकच घर आहे सर. एका घरासाठी नाल्यावरून लाइन नेणं परवडत नाही."

त्या दिवशी साहेब ऑफिसात आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "अकोला, कंपनी आली की आपन बंद. कोन राहीन आपल्याजोळ? अन् आपन बंद झालो की नाल्याच्या पलीकडं कोरडं." धंदा बंद होण्याचं त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि पुढचा तासभर सिस्टरबद्दल बोलत राहिले. मला वाटलं होतं ते स्वतःसाठी हबकलेत. मग मला माझीच नोकरी आठवली आणि मीही मनापासून हबकले.

कॉलनीच्या अध्यक्षांनी निकाल लांबवला. ते साहेबांचे जुने स्नेही. म्हणाले, "या शुक्रवारी पोट्ट्याईचा तो मोठा गेम येऊन राहिला म्हनतात. तुमचं नेट टिकलं तं रविवारच्या सभेत मी तुमच्या बाजूनं बोलीन. पडलं तं मंग मले काही म्हनू नका." तो गेम म्हणजे आजवरच्या सगळ्या गेमांचा आजोबा होता. गल्लीवार पाळी लावली तर शेवटच्या गल्लीला पुढचा आठवडा उजाडला असता, आणि पोरं तोवर थांबणार नव्हती. पाळी उठवली तर नेट आडवं.

उपाय नीलेशने काढला. "साहेब, सगळे तोच गेम घेऊन राहिले नं? मंग तो ऑफिसात एकदाच उतरवून घेऊ. गेमची कंपनी दोन दिवस आधी उतरवू देते. मंग हार्ड डिस्कवर कॉपी करून पोट्ट्याईले देऊ. प्रत्येकानं आपल्या खात्यातून तो फक्त उघडाचा. नेटवर काही भार नाही."

आजवर नीलेशने सांगितलेलं साहेबांना काही एक कळलं नव्हतं. हे मात्र पूर्ण कळलं. "म्हंजे टँकर," ते म्हणाले. "नहर आटली तं टँकर. हे पयले काहून नाही सांगितलं बे?"

टँकरची तयारी लगेच सुरू झाली. पोरांना निरोप गेले, आपापल्या घरी डाउनलोड सुरू करायचं नाही, हार्ड डिस्क येईल. सगळं ठीक होतं. घोटाळा एकच झाला. साहेबांनी वाटपाचा नियम लावला तो नहरीचाच, टेलकडून हेडकडे. आधी शेवटच्या घराला, मग तिथून मागे मागे येत सगळ्यांना. नोकरीभर हा नियम कागदावर होता आणि एकदाही पाळला गेला नव्हता. आता पाळायची संधी आली तर ते सोडतात थोडेच. शुक्रवारी सकाळी पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली पहिली हार्ड डिस्क घेऊन ते सिस्टरच्या दारात हजर झाले. स्कूटरवर मी मागे बसले होते.

सिस्टरनी रुमाल उलगडून बघितला. "हे काय करू मी? शिजवू?"

"तुमचा वाटा हाय. तुमचा झाल्याबिगर पुढच्याले देता येत नाही."

"माह्याजोळ कॉम्प्युटर नाही."

साहेब अडकले. घरात कॉम्प्युटर नाही, म्हणजे कॉपी नाही, म्हणजे टेलचा वाटा पोचला असं म्हणता येत नाही, म्हणजे पुढचं वाटप थांबलं. मी म्हटलं, साहेब, सोडा ना, पुढे चला. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. अर्धा तास नियम तसाच सिस्टरच्या ओसरीवर उभा होता. तेवढ्यात यश आला, त्याने प्रकार समजून घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. तिसऱ्या वर्षाला उगाच बसला नव्हता. "काका, टेलले पयले भेटते नं? मंग माहा कॉम्प्युटर आजपासून टेलवर राहते." आणि तो पळत गेला आणि आपला आख्खा कॉम्प्युटर उशीत गुंडाळून नाल्याच्या पुलावरून घेऊन आला.

हे कळायला कॉलनीला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत पुलावर रांग लागली. कोणी मांडीएवढं खोकं डोक्यावर, कोणी स्क्रीन पोटाशी, कोणी धाकट्या बहिणीच्या हातात कीबोर्ड दिलेला. हेडवरची सगळी पोरं आपण होऊन टेलला चालत आली. साहेब पुलावर उभे राहून नहरीवरची आपली जुनी मोजपट्टी हलवत वाहतूक सांभाळत होते आणि सगळ्यांवर ओरडत होते. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आणि घरात सिस्टरनी वॉर्ड लावला होता. चपला बाहेर. हात धुवून आत. बुद्धमूर्तीच्या बाजूची भिंत मोकळी ठेवायची, तिकडे कोणी वायर न्यायची नाही. प्रत्येक कॉम्प्युटरला जमिनीवर जागा आणि जागेला बेड नंबर. कमरेवर हात ठेवून त्या फिरत होत्या.

"बेड चार, किती झालं?"

"साठ टक्के, सिस्टर."

"हालवू नको त्याले. बेड दोनचं झालं का? मंग डिस्चार्ज घे अन् नीघ, बाहेर पेशंट थांबले हायेत."

पोरं आयुष्यात पहिल्यांदा इतकी शिस्तीत बसलेली होती. काकू आत पोहे परतत होत्या. तिकडे चौकात कंपनीची छत्री लावून दोन माणसं पत्रकं घेऊन उभी होती. आज नेट पडणार आणि लोक धावत येणार याची वाट बघत होती. पण कॉलनीत त्या दिवशी नेट आडवं करायला कोणी उरलंच नव्हतं. बापमंडळींची क्रिकेटची मॅच न अडकता चालली. माझा फोन एवढा गप्प होता की मी दोनदा उचलून तो चालू आहे का ते बघितलं. संध्याकाळी सिस्टरनी सगळ्या पोरांच्या मध्ये खुर्ची टाकून खुनी सापडेपर्यंतचा भाग एकदाही न थांबता बघितला, आणि बेड सहाने त्यांना खुनी आधीच ओळखून दाखवला.

रविवारी ओपन स्पेसवरच्या हॉलमध्ये सभा झाली. कॉलनीच्या अध्यक्षांनी कबूल केल्याप्रमाणे साहेबांची बाजू मांडली, पण जरा बारीक आवाजात. मग टायवाला उठला आणि त्याने आपली धार सांगितली. खरं सांगते, आमच्या आणि त्याच्या धारेत बैलगाडी आणि रेल्वेचा फरक होता. बापांनी माना डोलवल्या. घरात कुठलं नेट घ्यायचं हे पोरंच ठरवतात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून अध्यक्षांनी विचारलं, "काय बे पोट्टेहो, तुमचं काय?"

यश उभा राहिला. मी मनात म्हटलं, झालं, अकोल्याची गाडी बघ आता.

"स्पीड तं आमाले पाह्यजेच," यश म्हणाला. "पन सर, तुमी नाल्यापर्यंत येता. सिस्टरचं काय?"

अधिकाऱ्याने परत तेच सांगितलं, एकच घर, परवडत नाही.

यशने मागे बसलेल्या पोरांकडे बघितलं. पोरांनी मान हलवली. त्यांचं हे आधीच ठरलं होतं असं दिसत होतं. "मंग असं करा," तो म्हणाला, "पयला पोल सिस्टरच्या दारात लावा. तेथून इकडं या. नाही जमत तं राहू द्या, आमचं हाय ते चालू हाय." त्याचा बाप त्याला खाली ओढत होता तरी तो बसला नाही. बाकीची पोरंही उभी राहिली. आता यात काकूंच्या पोह्यांचा हात किती आणि सिस्टरच्या घरी जमलेल्या अड्ड्याचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण ती उभी राहिली हे खरं. पहिल्या रांगेत बसलेल्या सिस्टर मान वळवून सगळ्यांकडे बघत होत्या आणि त्यांना बेड नंबरही सुचत नव्हता. अधिकारी म्हणाला, वर विचारून सांगतो. पुढे दोनेक महिन्यांनी कंपनी आली, पहिला पोल सिस्टरच्या दारात लागला आणि आमचं ऑफिस बंद झालं. मी अकोल्याला परत गेले. पण त्या सभेत हे कोणाला माहीत नव्हतं.

मी साहेबांकडे बघायला वळले तर त्यांची खुर्ची रिकामी. बाहेर आले. ते स्कूटरला टेकून उभे होते आणि रडत होते, उघड, डोळे न पुसता. मी म्हटलं, "साहेब, आत चला. पोरं तुमच्या बाजूने बोलून राहिली."

"माह्या बाजूनं नाही, अकोला." त्यांनी नाक ओढलं. "माह्या नहरीले पानी कमी नव्हतं. लोकाईले वाटते कमी होतं. भरपूर होतं. फक्त येका हेडवाल्यानं उभं राहून म्हनाचं होतं, पयले त्याले द्या, मंग मी घेतो. नोकरीभर मी ते आयकाची वाट पाह्यली."

हॉलमधून यशचा आवाज येत होता. पोल नाल्याच्या कुठल्या अंगाने न्यायचा ते तो अधिकाऱ्याला समजावत होता आणि मधूनच सिस्टर त्याला दुरुस्त करत होत्या. आत जायचं सोडून आम्ही दोघं तिथेच उभे राहून ऐकत राहिलो.